चढावर खटखटणारं इंजिन : टायमिंगच्या नोंदी

७ फेब्रुवारी

गाडी चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. एक कार्ब्युरेटर, पॉइंट-कंडेन्सरचा डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठरल्या क्षणी स्पार्क पोचवणारा भाग), कॉम्प्रेशन रेशो ८.८. तक्रार एकच आहे. इंजिन पूर्ण तापलं, टॉप गिअर आहे, वेग ४०च्या आसपास आहे आणि ॲक्सिलरेटर दाबला, की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. चढावर तो वाढतो, ६०च्या पुढे नाहीसा होतो. थंड इंजिनला कधीच येत नाही.

आजवर यावर एकच उपाय होत आला आहे: डिस्ट्रिब्युटर जरा मागे फिरवायचा, म्हणजे स्पार्क उशिरा पडतो. आवाज जातो, पण त्याबरोबर पिकअपही जातो आणि चढावर पाण्याचं तापमान वर सरकतं. मग कुणीतरी गाडीच्या पुस्तकाप्रमाणे टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) लावून देतो आणि खटखट परत येते. हे चक्र मला थांबवायचं आहे. कारण हाती लागेपर्यंत डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पला पाना लावायचा नाही, असं ठरवलं आहे.

८ फेब्रुवारी

आज फक्त ऐकायचं काम. ‘इंजिन नॉक करतंय’ या एका तक्रारीत कितीतरी वेगळे आवाज मिसळलेले असतात.

टॅपेटचा आवाज बारीक असतो, आयडलिंगलाही येतो, आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगानं फिरत असल्यामुळे त्याचा ठेका संथ वाटतो. पिस्टन सिलिंडरमध्ये सैल असेल तर खडखड थंड इंजिनला जास्त आणि तापल्यावर कमी. आपली तक्रार बरोबर उलटी आहे. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर आवाज जाड आणि खालून येतो, आणि त्या सिलिंडरचा स्पार्क बंद केला की मवाळ होतो. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर अर्थ करून पाहिली (नुसती उपटून हवेत सोडली तर कॉइलवर ताण येतो). चारही सिलिंडरला आवाजात काही फरक पडला नाही. तापल्यावरही ऑइल प्रेशर चांगलं आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट कुठे फुंकत नाही.

म्हणजे हा आवाज जळण्याचाच आहे. स्पार्क पडला की ज्वाला प्लगपासून पसरत जाते. तिच्यापुढे कोपऱ्यात उरलेलं मिश्रण तोवर दाबानं आणि उष्णतेनं तापत असतं. ज्वाला पोचण्याआधी ते आपोआप पेटलं तर सगळं एका क्षणात जळतं, दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात आणि इंजिन वाजतं. कमी आरपीएमला त्या मिश्रणाला तापायला वेळ जास्त मिळतो, आणि ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडर जास्त भरतो, दाब वाढतो. म्हणून ४०ला आवाज आणि ६०ला शांतता.

प्री-इग्निशन ही याहून वेगळी आणि अधिक घातक गोष्ट. त्यात लाल झालेला कार्बन किंवा प्लगचं टोक स्पार्कच्या आधीच आग लावतं, आणि पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. तशी खूण अजून दिसलेली नाही. चावी बंद केल्यावर इंजिन लगेच थांबतं, धडधडत राहत नाही.

१४ फेब्रुवारी

व्हॅक्युम ॲडव्हान्सची (मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्युमनं स्पार्क लवकर पाडणाऱ्या सोयीची) नळी डिस्ट्रिब्युटरपासून काढली, तिचं तोंड बंद केलं आणि त्याच चढावर गाडी नेली. आवाज तसाच, त्याच ठिकाणी.

हे अपेक्षितच होतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्युम उरतच नाही, त्यामुळे त्या वेळी व्हॅक्युमचा ॲडव्हान्स शून्यावर आलेला असायला हवा. शंका एवढीच होती, की आतली बेस प्लेट अडकून ॲडव्हान्स धरून बसते आहे का. जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ग्रीस वाळून हे होतं. टोपी काढली आणि हातपंपानं नळीला व्हॅक्युम दिला. प्लेट सरळ सरकली, सोडल्यावर झटकन परत आली, डायफ्रामनंही व्हॅक्युम धरून ठेवला. हा भाग निर्दोष.

१५ फेब्रुवारी

पेट्रोल: टाकीतलं ताजं आहे. पुस्तकात जो ऑक्टेन (नॉक न होऊ देण्याची पेट्रोलची क्षमता) लिहिला आहे तो आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) मापातला. काही देशांत पंपावर आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) यांची सरासरी लिहितात. एकाच पेट्रोलचा तो आकडा आरओएनपेक्षा साधारण ४-५नं कमी दिसतो, म्हणून तुलना करताना माप तपासायला हवं. आपलं पेट्रोल पुस्तकातल्या आकड्याला पुरून उरतं. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून आवाज दाबता येईल, पण त्यानं कारण सापडणार नाही.

जुनी गाडी म्हटली की शिशाचा विषय निघतोच. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं की नॉक थांबतो, हा शोध १९२१चा, थॉमस मिजली यांचा. नंतर ते विष जगभरच्या रस्त्यांवर पसरलं, आणि गाड्यांसाठीचं शिसेयुक्त पेट्रोल २०२१मध्ये कुठे जगातून संपलं. या इंजिनला आजचं बिनशिशाचं पेट्रोल ऑक्टेनच्या दृष्टीनं पुरेसं आहे.

कॉम्प्रेशन १६५, १६८, १६२, १६५ पीएसआय. चारही जवळजवळ सारखे, आणि पुस्तकापेक्षा जास्त नाहीत. कार्बनचा जाड थर साचला असता तर आकडे चढे दिसले असते.

प्लग मात्र बोलले. हीट रेंज बरोबर आहे, रंगही फिकट तपकिरी. पण भिंगाखाली धरल्यावर २ आणि ३ नंबरच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले, आणि ३ नंबरवर त्यांत एक-दोन चकचकीत कण. ते कण ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टनच्या माथ्यावरून उडालेले. आवाज बारीक आहे म्हणून गाडी तशीच चालवत राहणं आता बंद. काम पूर्ण होईपर्यंत चढावर खालचा गिअर आणि हलका पाय.

२१ फेब्रुवारी

टायमिंग बघण्याआधी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क, ते उघडले की स्पार्क पडतो). हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि स्पार्क पुढे येतो. गॅप कमी झाला की उशीर. ड्वेल (पॉइंट बंद राहतात तो कोन) १ डिग्रीनं बदलला तर क्रँकवर टायमिंग साधारण १ डिग्रीनंच हलतं. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि समोर टेकडी झाली असेल तर फिलर गेज टेकडीवर टेकतं आणि खोटा गॅप सांगतं, म्हणून ड्वेल मीटर लावला. ५४ डिग्री. पुस्तकात ५१ ते ५७. उत्तम.

मग टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा). क्लिप १ नंबरच्या प्लगच्या वायरवर, व्हॅक्युमची नळी काढून बंद केलेली, आरपीएम ८५०. आयडलिंग त्याहून चढं ठेवून चालत नाही, कारण १०००च्या पुढे सेंट्रिफ्युगल ॲडव्हान्स (फिरत्या वजनांनी स्पार्क पुढे नेणं) सुरू होतो आणि वाचन फसतं. पंखा आणि बेल्ट यांपासून बाही आणि लाइटची वायर लांब.

पुलीवरची खूण १० डिग्री बीटीडीसीवर (पिस्टन अगदी वर पोचण्याच्या १० डिग्री आधी) स्थिर दिसली. पुस्तकात १० डिग्रीच लिहिलं आहे.

इथे बरेच लोक थांबतात. खूण बरोबर, म्हणजे टायमिंग बरोबर, म्हणजे दोष पेट्रोलचा. पण प्लगवरचे ठिपके आणि ही खूण यांचा मेळ बसत नाही. दोघांपैकी एक साक्षीदार खोटा आहे, आणि प्लगला खोटं बोलण्याचं काही कारण नाही.

२२ फेब्रुवारी

आजचं काम या सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

या इंजिनची पुढची पुली दोन भागांची आहे. मधला हब क्रँकला घट्ट बसवलेला, बाहेरचं जड कडं वेगळं, आणि दोघांच्या मध्ये रबर. क्रँकची कंपनं शोषण्यासाठी ही रचना. टायमिंगची खूण बाहेरच्या कड्यावर कोरलेली आहे. रबर म्हातारं झालं की कडं हबवर सरकतं आणि खूण त्याच्याबरोबर जाते. क्रँक जागच्या जागी असतो, पण खूण दुसरंच सांगते.

खरा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) शोधायला पिस्टन स्टॉप बनवला. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढली, उरलेल्या लोखंडी भागात आटे पाडून गोल टोकाचा बोल्ट बसवला, आणि आतली हवा बाहेर जावी म्हणून बोल्टला आरपार भोक पाडलं. बॅटरीची वायर काढली, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. चारही प्लग काढले म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं. १ नंबरचा पिस्टन बराच खाली नेऊन मगच स्टॉप बसवला. बोल्टचं टोक व्हॉल्व्हला लागत नाही ना, हे आधी बघितलं.

मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हळूहळू फिरवलं. पिस्टन स्टॉपला टेकला, हाताला स्पष्ट कळलं. त्या जागी पॉइंटरच्या शून्यासमोर पुलीवर चिकटवलेल्या कागदी टेपवर पेन्सिलनं रेघ मारली. नंतर उलट्या दिशेनं, पुन्हा टेकेपर्यंत, आणि दुसरी रेघ. उलट फिरवताना क्रँकचा बोल्टच सैल होत नाही ना, याकडे लक्ष ठेवायचं. आणि स्टॉप बसवलेला असताना स्टार्टर कधीही मारायचा नाही, पिस्टन फुटेल.

दोन रेघांमधलं अंतर ६२.८ मिमी. बरोबर मध्य, म्हणजे ३१.४ मिमीवर, खरा टीडीसी. कारखान्यातून आलेली खूण त्या मध्यापासून ८ मिमी दूर निघाली. पुलीचा व्यास १५० मिमी, म्हणजे परिघ ४७१ मिमी आणि १ डिग्रीला १.३१ मिमी. ८ मिमी म्हणजे ६ डिग्री.

कडं फिरण्याच्या दिशेनं पुढे सरकलं आहे. पिस्टन वर पोचायच्या ६ डिग्री आधीच खूण शून्यावर येते. लाइटमध्ये १० दिसतात तेव्हा खरं टायमिंग १६ असतं. कडं मागे सरकलं असतं तर सगळं उलट झालं असतं: पुस्तकाप्रमाणे लावूनही स्पार्क ६ डिग्री उशिरा, गाडी मठ्ठ, एक्झॉस्ट तापलेला, आणि नॉकचा पत्ता नाही.

पुस्तकाप्रमाणे लावलं की आवाज का येतो, हे कोडं इथे सुटलं.

१ मार्च

टेपवरच्या मध्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली, जुनी खूण काळी केली. हब आणि कडं यांवरून सलग जाणारी आणखी एक रेघ काढली. ती तुटलेली दिसली तर कडं पुन्हा सरकलं असं समजायचं. हे सगळं तात्पुरतं. सरकणारं कडं कधी निखळून रेडिएटरमध्ये जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे नवी पुली मागवली आहे आणि तोवर जास्त आरपीएम नाही.

आता क्लॅम्पला पाना लावला. नव्या रेघेवर खरे १० डिग्री.

चढावर आवाज बराच कमी झाला, पण १५०० ते २२०० आरपीएममध्ये, पूर्ण ॲक्सिलरेटरवर, अजून बारीक किणकिण आहे. डिस्ट्रिब्युटर आणखी ३-४ डिग्री मागे घेतला तर ती जाईल हे दिसतंय. घेणार नाही. बेस टायमिंग (आयडलिंगवरचं) बरोबर असूनही मधल्या टप्प्यात आवाज येतो, तर दोष त्या टप्प्यातच शोधायचा.

७ मार्च

ॲडव्हान्सचा पूर्ण चढ मोजला. स्पार्क पुढे का न्यावा लागतो ते आकड्यात बघितलं की मोजणीची गरज पटते. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ डिग्री फिरतो, ८५०ला फक्त ५. मिश्रण जळायला लागणारा वेळ त्याच प्रमाणात कमी होत नाही. म्हणून आरपीएम वाढला की स्पार्क लवकर, आणि हे काम डिस्ट्रिब्युटरमधली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा करतात.

व्हॅक्युम बंद ठेवून, डायल असलेल्या लाइटनं, क्रँकच्या डिग्रीत:

१५०० आरपीएमला पुस्तकात १६, मोजलं २४.
२००० ला पुस्तकात २१, मोजलं २९.
३००० ला पुस्तकात ३०, मोजलं ३१.

(पुस्तकातला मूळ तक्ता डिस्ट्रिब्युटरच्या डिग्रीत आहे. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून आकडे दुप्पट केले आणि त्यांत बेसचे १० मिळवले. हे दुप्पट करणं राहिलं तर पुढचं सगळं चुकतं.)

शेवटचा आकडा बरोबर आहे, पण तिथपर्यंत पोचायची घाई झाली आहे. वजनं फार लवकर बाहेर फेकली जातात. १ मार्चआधी हे ८ डिग्री आणि पुलीचे ६ मिळून १५००ला स्पार्क ३० डिग्रीवर पडत होता. पिस्टन शाबूत राहिला हेच खूप.

८ मार्च

डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला. त्याआधी रोटर (आतला फिरणारा हात) कुठे बघतोय त्याची खूण बॉडीवर केली आणि बॉडीची ब्लॉकवर.

बेस प्लेटखाली वजनं. पिव्होट स्वच्छ, गंज नाही. दोन स्प्रिंगांपैकी एक पातळ, एक जाड. जाड स्प्रिंगचा आकडा (हुक) खुंटीवर मुळातच सैल असतो, तो तसाच असायला हवा. सुरुवातीचा ॲडव्हान्स पातळ स्प्रिंग सांभाळते आणि वजनं ठरावीक अंतर बाहेर आल्यावरच जाड स्प्रिंग ओढ धरते. त्या सैलपणाला झीज समजून जाड स्प्रिंग आवळली, तर वरच्या आरपीएमला ॲडव्हान्स अपुरा पडतो आणि गाडी पळत नाही.

इथे मात्र पातळ स्प्रिंगही सैल होती. तिच्या आकड्यानं खुंटीत खाच पाडली आहे, नख फिरवलं तर अडकतं इतकी खोल, आणि स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटून बसण्याऐवजी किंचित उघडी राहिली आहेत. त्यामुळे आयडलिंगच्या जरा वरच वजनांना मोकळं रान.

त्याच डिस्ट्रिब्युटरच्या मापाच्या स्प्रिंगांची जोडी घेतली. दिसायला सारखी म्हणून दुसऱ्या गाडीची स्प्रिंग लावणं या कामात चालत नाही, तारेच्या जाडीतल्या बारीक फरकानं सगळा चढ बदलतो. खुंटीवर पातळ पितळी नळी घट्ट बसवून खाच झाकली. पिव्होटवर तेलाचा एकेक थेंब, कॅमवर ग्रीसचा पातळ हात. जास्त ग्रीस नको, ते उडून पॉइंटवर जातं.

१४ मार्च

बसवलं. ड्वेल ५४, बेस १०. १५००ला १७, २०००ला २१, ३०००ला ३०. आरपीएम सोडला की खूण एका दमात परत १०वर येते, मध्ये अडखळत नाही.

चढ, टॉप गिअर, ४०, पूर्ण ॲक्सिलरेटर: आवाज नाही. आणि गाडी ओढते! मागे फिरवलेल्या टायमिंगवर जो मठ्ठपणा होता त्याचा मागमूस नाही. पाण्याच्या तापमानाचा काटा वर चढताना जागचा हलला नाही.

२८ मार्च

नवी पुली बसवली. पिस्टन स्टॉप लावून तिचीही खूण तपासली. नवी आहे म्हणून सूट नाही. अर्ध्या डिग्रीच्या आत बरोबर आहे. जुन्या पुलीचं रबर कडेनं भेगाळलेलं, एका जागी बाहेर फुगलेलं. हे बाहेरूनही दिसलं असतं. जुनी गाडी हाती आली की पुलीच्या रबरावर टॉर्च मारून बघावी.

१८ एप्रिल

हवा तापली आहे. आज बराच वेळ रांगेत उभं राहिल्यावर लगेचच्या चढावर पुन्हा पुसटशी किणकिण, थोड्याच वेळात बंद. टायमिंग तपासलं, १०वरच आहे. स्प्रिंगा, ड्वेल, सगळं जागेवर.

म्हणजे बदललं ते इंजिनच्या आत जाणाऱ्या हवेत. एअर क्लीनरच्या नळकांड्यात एक झडप आहे. थंडीत ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरची गरम हवा घेते, उन्हाळ्यात बाहेरची थंड. झडप गरम बाजूलाच अडकलेली निघाली. एअर क्लीनरमध्ये थर्मामीटर ठेवून आयडलिंगवर पाहिलं: ६८ अंश सेल्सिअस. आत येणारी हवाच इतकी तापलेली असेल तर कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटायला किती वेळ लागणार?

झडपेची बिजागरी गंजली होती. सोडवली, साफ केली. तिला हलवणारा तापमानावर चालणारा भाग मेला आहे, गरम पाण्यात बुडवूनही सरकत नाही. तो मिळेपर्यंत झडप थंड बाजूला तारेनं बांधली. थंडीत सकाळी कार्ब्युरेटर गारठून गाडी अडखळेल, तेव्हा तार काढायची.

२५ एप्रिल

भर दुपारी, पूर्ण तापलेल्या इंजिनवर, तोच चढ. आवाज नाही. प्लग काढून भिंगाखाली पाहिले: मार्चमध्ये नवे घातलेले चारही स्वच्छ, ३ नंबरवरही ठिपका नाही.

उरलेलं काम: डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टला बाजूला हलवून पाहिलं की बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीत) किंचित खेळ जाणवतो, आणि लाइटमध्ये खूण आयडलिंगवर साधारण १ डिग्री थरथरते. टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी) सैल असली तरी असंच दिसतं. म्हणून आधी रोटरवर नजर ठेवून क्रँक हातानं पुढे-मागे फिरवायचा, आणि क्रँक किती डिग्री हलल्यावर रोटर हलायला लागतो ते मोजायचं. चेन ठीक निघाली तर बुश बदलायचे, आणि त्यानंतर ड्वेल, बेस, १५००, २०००, ३००० हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.